बाटली दुकानातच तपासता येते, मग महिनाभर वाट कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बोगस कीटकनाशकांच्या बातम्या दर खरिपात तुमच्या पेपरात येतात आणि सगळ्या साधारण एकाच साच्यातल्या असतात, गोडाऊनवर छापा, अमुक लाखांचा साठा जप्त, नमुने तपासणीला पाठवले. पुढं काय झालं ते कधी वाचायला मिळत नाही. तुम्हाला दोष देत नाहीये, पुढचं सगळं इतक्या सावकाश चालतं की तोवर बातमी शिळी झालेली असते आणि कपाशीही वेचून झालेली असते. मला नेमकं त्या "नमुने तपासणीला पाठवले" बद्दलच लिहायचंय.

मी आधी माणसांच्या औषधांच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते, आता गावाकडं घरची शेती बघते, कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. त्यामुळं लॅबही माहितीये आणि कृषी सेवा केंद्राचा काउंटरही.

आधी नमुन्याचं काय होतं ते सांगते, कारण बऱ्याच शेतकऱ्यांना वाटतं की साहेब बाटली घेऊन गेले म्हणजे दोनचार दिवसांत कळेल. आपला कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, नियम १९७१ चे. निरीक्षकानं सॅम्पल घेतलं की त्याचे तीन भाग होतात, एक ज्याच्याकडून घेतलं त्याला परत, एक लॅबला, एक कोर्टासाठी राखून. लॅबच्या विश्लेषकानं रिपोर्ट ३० दिवसांत द्यायचा. रिपोर्ट विरोधात गेला तर समोरच्याला २८ दिवसांत तो मान्य नाही असं कळवता येतं, मग कोर्टाकडचा भाग जातो फरीदाबादच्या सेंट्रल इन्सेक्टिसाइड लॅबोरेटरीला आणि तिचा निकाल शेवटचा. कोर्टाच्या दृष्टीनं हे सगळं बरोबरच आहे, कुणाचं लायसन्स जाणार, कुणाला शिक्षा होणार तर पुरावा पक्काच पाहिजे. पण गुलाबी बोंडअळी काही २८ दिवसांची मुदत पाळत नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारा असं कापूस संशोधनवाले सांगतात, अंड्यातून अळी चारपाच दिवसांत बाहेर येते आणि पाती-बोंडात शिरली की वरून काहीही मारा, तिला फरक पडत नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात असतात चार दिवस, अन त्या चार दिवसांत मारलेलं औषध नुसतं रंगीत पाणी होतं हे कायद्यानं कळणार महिन्यानंतर, तेही त्या बाटलीचं सॅम्पल कुणी घेतलं असेल तर.

आता कुणी म्हणेल शेतकऱ्यानं बघून घ्यावं. काय बघणार हो? आमच्याकडं दोन कसोट्या चालतात, बादलीत टाकलं की दुधासारखं झालं पाहिजे आणि वास उग्र पाहिजे. पण दूध होतं ते इमल्सिफायरमुळं (तेलकट औषध पाण्यात मिसळवणारा पदार्थ), वास येतो तो बहुतेक सॉल्व्हंटचा (ज्यात औषध विरघळवतात तो द्रव), आणि हे दोन्ही स्वस्त असतं, बनावट माल करणारा ते न विसरता टाकतो. महाग असतं ते टेक्निकल, म्हणजे जो घटक खरंच कीड मारतो, तेवढंच तो टाकत नाही नाहीतर चिमूटभर टाकतो. म्हणजे आपण ज्या दोन गोष्टी तपासतो नेमक्या त्याच दोन बरोबर असतात! होलोग्राम, क्यूआर कोड वगैरेचंही तेच, ब्रँडेड औषधाच्या रिकाम्या बाटल्या भंगारात विकल्या जातात आणि भरून परत येतात, बाटली अस्सल, कोड अस्सल, स्कॅन केला तर मोबाइल म्हणतो ओरिजिनल. कोड बाटलीबद्दल सांगतो, आतल्या मालाबद्दल नाही. (म्हणून तर म्हणतात रिकामी बाटली तीनदा धुऊन तिला भोक पाडून टाका, पण करतंय कोण, भंगारवाला पैसे देतो ना.)

हा धंदा किती मोठा आहे? फिक्कीचा २०१५ चा एक अहवाल आहे, त्यात २०१३-१४ ला देशातला बनावट आणि निकृष्ट कीटकनाशकांचा बाजार ३,२०० कोटींचा धरलाय, किमतीच्या हिशोबानं एकूण बाजाराच्या २५ टक्के, मालाच्या हिशोबानं ३० टक्के. ही उद्योगवाल्यांची संघटना आहे, त्यांना आकडा मोठा दाखवण्यात रस असणारच, मी तर म्हणते निम्मा धरा. तरी आठ बाटल्यांमागं एक बाटली होते. युरोपात सुद्धा हा रोग आहे, तिथल्या बौद्धिक संपदा कार्यालयानं २०१७ ला नकली कीटकनाशकांमुळं वर्षाला १.३ अब्ज युरोचा फटका बसतो असं मांडलं होतं. आणि पंजाबात २०१५ ला पांढऱ्या माशीनं कपाशी खाल्ली तेव्हा बोगस औषधांच्या प्रकरणात थेट राज्याच्या कृषी संचालकाला अटक झाली होती, ते आठवत असेल.

आता मुद्द्यावर येते. मी ज्या कंपनीत होते तिथं कच्च्या मालाचा ट्रक आला की प्रत्येक ड्रमला, नमुन्यापुरत्या दोनचार नाही, प्रत्येक ड्रमला, हातातलं रामन यंत्र लावायचे. आतल्या प्लॅस्टिक पिशवीतूनच लेझर मारायचा, काही सेकंदांत पडद्यावर बरोबर किंवा चूक. हे करणारा पोरगा केमिस्ट्रीचा पीएचडी नव्हता, स्टोअरचा माणूस होता. रामन म्हणजे आपले सी. व्ही. रामनच, २८ फेब्रुवारी १९२८ चा तो शोध, ज्याच्यासाठी आपण शाळेत विज्ञान दिन करतो. लेझरचा प्रकाश रेणूवर आपटून परत येताना थोडा बदलून येतो आणि तो बदल प्रत्येक रेणूचा वेगळा असतो. उदाहरण म्हणून ऍसिटामिप्रिड घ्या, मावा-तुडतुड्यासाठी आपण २० एसपी, म्हणजे पाण्यात विरघळणारी पावडर वापरतो ते. त्याच्या रेणूत नायट्राइल नावाचा गट असतो आणि त्याची रेष आलेखात २२०० च्या आसपास येते, जिथं भेसळीला वापरतात त्या बऱ्याचशा पावडरींची एकही रेष नसते. रेष नाही तर ऍसिटामिप्रिड नाही, किंवा इतकं कमी आहे की असून नसल्यासारखं.

दुसरी पद्धत निअर इन्फ्रारेडची, एनआयआर म्हणतात तिला. साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटरचा प्रकाश मालावर टाकायचा आणि कुठल्या तरंगलांबीचा किती शोषला गेला ते बघायचं. ह्यात रामनसारख्या सुट्या रेषा मिळत नाहीत, सगळं एकमेकांत मिसळलेलं डोंगर-दऱ्यांसारखं दिसतं, म्हणून मग गणित लावावं लागतं. अस्सल औषध घ्यायचं, त्यातला घटक शून्यापासून लेबलपेक्षा थोडा जास्त इथपर्यंत कमीजास्त करून बरेच नमुने बनवायचे, प्रत्येकाचं लॅबमधे एचपीएलसीवर (घटक वेगळे करून नेमकं मोजणारं मोठं यंत्र) खरं प्रमाण काढायचं आणि ते प्रमाण अन स्पेक्ट्रम, म्हणजे तो प्रकाशाचा आलेख, ह्यांची सांगड कॉम्प्युटरला शिकवायची. एकदा हे मॉडेल बसलं की नव्या बाटलीचा स्पेक्ट्रम घेतल्याबरोबर हे अंदाजे अमुक टक्के आहे असं कळतं. म्हणजे आहे की नाही एवढंच नाही, किती आहे तेही.

आणि तिसरी पायरी जी मला सगळ्यात कामाची वाटते ती स्पेक्ट्रल इमेजिंगची. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात, लाल हिरवा निळा. हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्यात प्रत्येक ठिपक्याला शे-दोनशे आकडे असतात, म्हणजे फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा स्वतःचा पूर्ण स्पेक्ट्रम. चंद्रयान-१ वर नासाचं जे यंत्र होतं, ज्याच्या मोजणीवरून २००९ ला चंद्रावर पाण्याच्या खुणा आहेत असं जाहीर झालं, ते ह्याच जातीचं. इस्रोनं २०१८ ला हायसिस नावाचा उपग्रहही ह्याच कामासाठी सोडला. आता तुम्ही विचाराल बाटलीतल्या औषधाचा फोटो कशाला पाहिजे. समजा इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी आहे, बारीक दाणेदार. साध्या यंत्रानं मोजलं आणि सरासरी अडीच टक्के आली, तर माल कमी आहे एवढंच कळलं. पण कॅमेऱ्यात जर दिसलं की निम्म्या दाण्यांत पूर्ण पाच टक्के आहे आणि निम्मे दाणे नुसतेच स्टार्चचे, तर गोष्ट वेगळी होते, कारखान्यात माल बरोबर बनला होता आणि नंतर कुणीतरी वाटेत त्यात कोरे दाणे मिसळलेत. उलट प्रत्येक दाणा अडीच टक्क्यांचा निघाला तर बोट कारखान्याकडं जातं. पावडरीचं पण तसंच, मशीनमधे नीट मिसळलेली पावडर सगळीकडं सारखी दिसते आणि घमेल्यात फावड्यानं कालवलेली कुठं दाट कुठं विरळ. आपल्याकडं नेहमी भांडण काय होतं, कंपनी म्हणते दुकानदारानं केलं, दुकानदार म्हणतो सीलबंद बाटली आली तशी विकली, आणि मधल्या मधे शेतकरी. ह्या भांडणात एचपीएलसीचा एक आकडा काही सांगत नाही कारण त्याला सॅम्पल विरघळवूनच मोजावं लागतं, चित्र मात्र सांगू शकतं. शिवाय एका ट्रेमधे वीस-पंचवीस छोट्या वाट्या ठेवून एकाच फोटोत सगळ्या तपासता येतात, लॅबचा बॅकलॉग कमी करायला एवढंही पुरे.

पण हे यंत्र म्हणजे जादू नाही, तसं मी म्हणणारही नाही, कारण उद्या कुणी सेल्समन येऊन कृषी खात्याला चकचकीत डबा विकून जाईल आणि दोन वर्षांनी तो कपाटात धूळ खात पडलेला असेल.

पहिली अडचण पाण्याची. एसएल (पाण्यात विरघळलेली) आणि एससी (पाण्यात बारीक कण तरंगणारी) प्रकारची औषधं पाण्यातली असतात आणि निअर इन्फ्रारेडमधे पाणी भयंकर जोरात दिसतं, १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास बाकी सगळ्याला झाकून टाकतं. त्यात तापमान बदललं की पाण्याचा तो डोंगर सरकतो. लॅबमधे पंचवीस डिग्रीच्या एसीत बनवलेलं मॉडेल मे महिन्यात यवतमाळच्या पत्र्याच्या दुकानात चाललं नाही तर यंत्राला शिव्या देऊ नका, मॉडेल बनवतानाच तापमानाचे नमुने घ्यायला पाहिजे होते. दुसरं, एससीची बाटली महिनाभर उभी राहिली की खाली गाळ बसतो, वरचं वरचं मोजलं तर अस्सल मालही बोगस ठरेल, म्हणून दणकून हलवल्याशिवाय मोजायचंच नाही. तिसरं म्हणजे एकच घटक पन्नास कंपन्या विकतात आणि प्रत्येकाचं सॉल्व्हंट वेगळं, इमल्सिफायर वेगळा, रंग वेगळा, एका कंपनीच्या मालावर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्याच्या मालावर गडबडतं. रामनचं दुखणं रंगाचं, काही रंगीत औषधं लेझर पडला की स्वतःच चमकायला लागतात आणि त्या उजेडात रेषा बुडून जातात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती बारीक फरक कळतो. जागतिक अन्न संघटनेच्या निकषात लिटरला १०० ते २५० ग्रॅमच्या पट्ट्यात ६ टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे इमिडाक्लोप्रिड १७.८ असेल तर साधारण १६.७ ते १८.९. बाटलीत १६.५ आहे की १६.९ हा वाद दुकानात उभं राहून सुटणार नाही, त्याला एचपीएलसीच पाहिजे. पण शेतकरी १६.५ नं मरत नाही हो. तो मरतो शून्यानं, दोननं, नाहीतर लेबलवर एक आणि बाटलीत भलतंच असल्यानं, आणि एवढा मोठा फरक ही यंत्रं पकडू शकतात. त्याच्या उलट द्राक्षवाल्यांचा त्रास वेगळा, जैविक म्हणून विकलेल्या बाटलीत कुणी गुपचूप रासायनिक औषध टाकलं तर ते इतकं थोडं असतं की ह्या कॅमेऱ्याला बहुतेक दिसणार नाही, पण युरोपच्या तपासणीत रेसिड्यू, म्हणजे फळात उरलेला अंश, म्हणून नक्की दिसतं. नाशिक-सांगलीवाल्यांना २०१० चं क्लोरमेक्वाटचं (वेलीची वाढ रोखणारं रसायन, त्याचा अंश निर्यातीच्या द्राक्षात सापडला होता) रामायण आठवत असेल, ते बोगस मालाचं प्रकरण नव्हतं पण परत आलेल्या कंटेनरची किंमत काय असते ते तेव्हा कळलं. तिथं मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या लॅबला पर्याय नाही.

"लेबलवर एक, बाटलीत भलतंच" ह्यावर जरा थांबते. २०१७ ला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. मी ते सगळं बोगस मालावर ढकलत नाही, कपाशी डोक्याच्या वर गेली होती, दोनतीन औषधं एकत्र करून पंप भरले होते, अंगावर धड कापड नव्हतं, कारणं भरपूर आहेत. पण विषबाधेचा माणूस आला की डॉक्टर आधी विचारतात काय मारत होता, बाटली आणा. बाटलीवर हिरवा त्रिकोण (सगळ्यात कमी विषारी असल्याची खूण) आणि आत स्वस्तातलं जहाल ऑर्गनोफॉस्फेट असेल तर डॉक्टर चुकीच्या दिशेनं जाणार, ऑर्गनोफॉस्फेटवरचा उतारा असलेलं ऍट्रोपिन द्यायचं की नाही हे त्यावरच ठरतं ना. अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी उरलेल्या बाटलीचा स्पेक्ट्रम पाच मिनिटांत घेता आला तर त्याचं मोल पिकाच्या नुकसानीत मोजता येणार नाही.

आता सरकारकडून काय पाहिजे. लोक लगेच म्हणतात कायदा बदला. २०२० ला नवं कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं, मग ते स्थायी समितीकडं गेलं. राज्यानं २०२३ ला बोगस बियाणं-खतं-औषधांसाठी कडक विधेयकं आणली तेव्हा दुकानदारांनी दुकानं बंद ठेवून विरोध केला, आणि त्यांचं एक म्हणणं खोटं नव्हतं, सीलबंद बाटलीत काय आहे हे आम्ही कसं ओळखायचं. माझं म्हणणं असं की ह्या कामापुरता नवीन कायदा लागतच नाही. आत्ताच्याच कायद्याच्या कलम २१ मधे निरीक्षकाला अधिकार आहे की माल कायद्याविरुद्ध आहे असं मानायला सबळ कारण असेल तर तो काही ठरावीक दिवस विक्री थांबवू शकतो. अडतं कुठं तर त्या सबळ कारणावर. आज त्याच्याकडं कारण म्हणून असतं काय, कुणाची तरी तक्रार, लेबलची छपाई पुसट, बिल नाही, नाहीतर वरून आलेला फोन. त्याच्या हातात स्कॅनर द्या, स्पेक्ट्रम जुळत नाही हेच कारण. विक्री त्याच दिवशी थांबली, सॅम्पल नेहमीच्या रस्त्यानं लॅबला गेलं, शिक्षा वगैरे जे काय व्हायचं ते लॅबच्या रिपोर्टवरच होऊ द्या, पण तोवर उरलेल्या बाटल्या कुणाच्या पंपात तर जाणार नाहीत. लॅबमधे माल चांगला निघाला तर परत विका, दुकानदाराचे थोडे दिवस गेले, शेतकऱ्याचा हंगाम वाचला. दुकानदाराचा सुद्धा ह्यात फायदा आहे, कलम ३० मधे त्याला बचाव आहे की मी लायसन्सवाल्याकडून घेतलं, नीट ठेवलं आणि वाजवी काळजी घेऊनही मला कळू शकलं नाही, आणि माल उतरवताना स्कॅन करून ठेवला असेल तर ह्याच्यापेक्षा मोठी वाजवी काळजी कुठली?

मला माहितीये काही जण काय म्हणणार, यंत्र साहेबाच्या हातात गेलं की हप्ता वाढेल. खरंय, आपल्याकडं असंच होतं. म्हणून स्कॅन झाल्या झाल्या वेळ, जागा, बॅच नंबरसकट तो सर्व्हरवर गेला पाहिजे, पुसायची सोयच नको. स्पेक्ट्रमची लायब्ररी कुठल्या यंत्रविक्या कंपनीकडं नको, अकोल्याचं विद्यापीठ, नागपूरची कापूस संशोधन संस्था अशा सरकारी ठिकाणी असावी, आणि कंपन्यांना सांगा की रजिस्टर केलेल्या प्रत्येक मालाचा अस्सल नमुना तिथं जमा करा, घटक बदलला नाही पण सॉल्व्हंट बदलला तरी परत जमा करा. देशात तीनशेच्या वर कीटकनाशकं रजिस्टर आहेत, सगळ्यांची सुरुवात एकदम नको, जी महाग आहेत आणि ज्यांची नक्कल जास्त होते त्या दहा-पंधरांपासून करा. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी घ्या, एकरी ६० मिली लागतं, एवढ्याशा बाटलीला एवढी किंमत म्हटल्यावर नकली करणाऱ्याची नजर आधी तिथंच जाणार. खर्च म्हणाल तर हातातलं एनआयआर यंत्र काही लाखांत येतं, रामन त्याहून महाग, हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा तालुक्याला परवडणार नाही तो विभागाच्या लॅबला एक पुरे. आम्ही डेअरीवर दूध घातलं की फॅट तिथल्या तिथं मोजतात आणि तिथल्या तिथं भाव कापतात, तेव्हा कुणी म्हणत नाही थांबा महिन्याभरात रिपोर्ट येईल.

येत्या खरिपात कापूस पट्ट्यातले तीनचार तालुके आणि द्राक्षाचा एखादा तालुका एवढ्यात तरी हे करून बघावं, जून ते ऑक्टोबर. आणि संपादक साहेब, केलंच तर हंगाम संपल्यावर तुमच्या वार्ताहराला कृषी खात्याकडून तीन आकडे मागून ते छापायला सांगा, किती बाटल्या स्कॅन केल्या, किती ठिकाणी विक्री थांबवली, आणि थांबवलेल्यांपैकी किती लॅबमधे खरंच बोगस निघाल्या. तिसरा आकडा पहिल्या वर्षी लाजिरवाणा आला तरी छापा, त्यावरूनच मॉडेल कुठं चुकतंय ते कळतं.

कळावे,
आपली एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ